जुन्या फवारणी पंपाचं टू-स्ट्रोक इंजिन: खोलण्यापासून पुन्हा सुरू करण्यापर्यंत

नवा पिस्टन टाकला, नव्या रिंगा टाकल्या, पंप दोन टाक्या झकास चालला आणि तिसऱ्या टाकीला पुन्हा जाम झाला. पाठीवरच्या जुन्या पेट्रोल पंपांच्या बाबतीत ही तक्रार कायमची आहे. मग पार्ट डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराला शिव्या पडतात. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. पहिला पिस्टन कशाने गेला हे कोणी बघितलेलंच नसतं आणि क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन टोकांची वीस-पंचवीस वर्षांची ऑईल सील, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, तशीच आत राहिलेली असतात. तिथून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल-ऑईल कमी), पिस्टन तापतो आणि भिंतीला चिकटतो. नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो.

हा लेख पॉइंट आणि कंडेन्सरवाल्या (ठिणगी पाडायची जुनी पद्धत), फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीच्या) कार्बोरेटरच्या, साधारण ३५ सीसीच्या आसपासच्या जुन्या इंजिनांसाठी आहे. आस्पीच्या ‘बोलो’सारखे पाठीवरचे ब्लोअर पंप काजू, आंबा, द्राक्ष, कापूस सगळीकडे वापरले गेले आणि आज कित्येक गोठ्यांत माळ्यावर पडून आहेत. जुन्या गवतकापणी यंत्राचं इंजिन असेल तरी क्रम हाच. आकडे मॉडेलनुसार थोडे बदलतात. मशीनचं पुस्तक असेल तर त्यातला आकडा खरा माना.

## तयारी

पहिलं काम पाना हातात घेण्याचं नाही, धुण्याचं आहे. या यंत्रात वर्षानुवर्षं कीटकनाशक खेळलेलं असतं. औषधाची टाकी, होज, नोझल, पाठीचा पट्टा आणि इंजिनच्या पंख्यांत (सिलिंडरभोवतीच्या थंड करणाऱ्या पातळ पट्ट्यांत) बसलेला चिकट थर या सगळ्यात ते मुरलेलं असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते औषध कातडीतून आणि श्वासातून आत जातं. दुरुस्ती करणाऱ्याची कातडी काही वेगळी नसते. नायट्राइलचे हातमोजे घाला, मास्क लावा. औषधाची टाकी कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्याने तीनदा विसळा आणि ते पाणी विहिरीपासून, गोठ्यापासून, ओढ्यापासून लांब मोकळ्या जमिनीत ओता. वाळलेला थर कोरडा खरवडू नका, धूळ उडते. ओला करूनच काढा.

हत्यारं फार लागत नाहीत, पण जी लागतात ती नीट हवीत:

- रिंग पाने आणि बॉक्स पाने, ८ ते १९ मिमी
- इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर फिरणारा, आणि त्याचे चांगले बिट
- फ्लायव्हीलचा पुलर
- फिलर गेज आणि व्हर्नियर
- सर्क्लिपची (पिस्टनची पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्याची) पक्कड
- लहान चुंबक
- दोन-तीन फूट सुती दोरी
- बीपी मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि डायल (कशाला, ते नवव्या टप्प्यात)

घरातल्या चालू बीपी यंत्राला मात्र हात लावू नका. आत ऑईलचा वास जरी गेला तरी ते पुन्हा माणसाच्या कामाचं राहत नाही.

बसायची जागा उजेडाची आणि पंख्याच्या वाऱ्याखालची नसलेली निवडा. खाली पांढरी चादर किंवा जुना फ्लेक्स उलटा करून पसरा, म्हणजे उडालेला सर्क्लिप दिसतो.

## १. खोलण्याआधी निदान

बंद इंजिन समोर आलं की हात आपोआप स्क्रूकडे जातो. तो आवरा. खोलल्यावर जी माहिती मिळत नाही, ती आत्ताच मिळते.

आधी प्लग काढा आणि त्याचं तोंड बघा. ओला आणि काळा असेल तर पेट्रोल पोहोचतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. पांढुरका, भाजल्यासारखा असेल तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे सीलचा संशय इथूनच सुरू.

मग ठिणगी बघा. प्लग कॅपमध्ये घालून त्याची लोखंडी कड इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि स्टार्टरची दोरी ओढा. निळी, टक्क आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक ठिणगी उन्हात दिसत नसेल तर ती नसल्यातच जमा.

सावधान: ही तपासणी पेट्रोलची टाकी उतरवून आणि प्लगच्या भोकावर फडकं ठेवूनच करा. भोकातून उडणारा पेट्रोलचा फवारा आणि शेजारची ठिणगी यांची गाठ पडू देऊ नका.

ठिणगी चांगली असेल तर ऑईल मिसळलेलं पेट्रोल चहाचा अर्धा चमचा प्लगच्या भोकातून आत सोडा, प्लग बसवा आणि दोरी ओढा. दोन-चार सेकंद फुरफुरून बंद पडलं तर अर्धं इंजिन निरोगी आहे, दुखणं कार्बोरेटरमध्ये आहे. अशा वेळी थेट अकराव्या टप्प्यावर जा. अख्खं इंजिन खोलायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

कॉम्प्रेशन गेज मिळाला तर लावा. ९० पीएसआयच्या खाली सुरू व्हायला कटकट होते. मोटारसायकलच्या गॅरेजमधला लांब होजचा गेज एवढ्याशा इंजिनला खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, हे लक्षात ठेवा.

शेवटी सायलेन्सर काढा. दोन नट असतात. धूर बाहेर पडायच्या खिडकीतून टॉर्च मारा आणि पिस्टन हळू वर-खाली करत त्याची बाजू बघा. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त सांगून जातं. फक्त या सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर पातळ मिश्रण, हवेची गळती किंवा थंड करणाऱ्या पंख्यांत कचरा. सिलिंडर उतरल्यावर पिस्टनच्या चारही बाजूंना ओरखडे दिसले तर कुणीतरी ऑईल न घालता नुसतं पेट्रोल वापरलंय. कार्बोरेटरच्या बाजूचा भाग मळकट, घासून पातळ झालेला असेल तर एअर फिल्टरशिवाय पंप चालवून धूळ खाल्लेली आहे.

तपासणी: कारण वहीत लिहिलं? नसेल तर पुढे जाऊ नका. कारण न कळता टाकलेला पिस्टन म्हणजे पुढच्या जामची तारीख ठरवणं.

## २. बाहेरचं सगळं उतरवा

टाकी, होज, ब्लोअरचं कव्हर, स्टार्टर, कार्बोरेटर, या क्रमाने. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. एक लांबून आणि एक जवळून. कॉईलच्या वायरी कुठून वळतात आणि कुठल्या खाचेत दबतात, याचा फोटो तर हवाच. नंतर हीच वायर फ्लायव्हीलला घासते आणि ठिणगी जाते.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. जाड पुठ्ठ्यावर भागाचं ढोबळ चित्र काढा आणि स्क्रू जिथला तिथे टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो ॲल्युमिनियमचं तोंड फोडतो किंवा आत क्रँकला लागतो.

फुलीच्या स्क्रूची खाच गोल झाली की पुढचा अर्धा दिवस गेला. म्हणून बिट पूर्ण बसला आहे ना ते बघा, सरळ दाबून धरा आणि पहिला झटका इम्पॅक्ट ड्रायव्हरने द्या. बिटच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट किंचित लावली तर पकड चांगली येते.

## ३. पिस्टन अडकला असेल तर

प्लगच्या भोकातून डिझेल आणि ब्रेक ऑईल निम्मं-निम्मं ओता. सायलेन्सरची खिडकी वरच्या बाजूला येईल असं इंजिन आडवं ठेवा, नाहीतर सगळं तिथून गळून जाईल. दोन दिवस तसंच राहू द्या, मधून मधून भर घाला. मग फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून मागे-पुढे हलकं हलवा. एकाच दिशेला जोर लावू नका. केसभर हललं तरी थांबा, पुन्हा ऑईल सोडा.

सावधान: प्लगच्या भोकातून सळई घालून पिस्टनच्या डोक्यावर ठोकायचं नाही. डोकं आतून चिरतं आणि पुढे चालू इंजिनमध्ये त्याला भोक पडतं. फ्लायव्हीलच्या पात्यांत टॉमी अडकवून ओढायचंही नाही. एक पातं तुटलं की तोल गेला, मग पंप पाठीवर थरथरत राहतो आणि बेअरिंग खातो.

## ४. फ्लायव्हील

नट सोडताना क्रँक फिरू नये म्हणून लोक पिस्टन पकडायला प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालतात. सुती दोरी घाला. आधी पिस्टन इतका वर आणा की सायलेन्सरची खिडकी त्याच्या आड पूर्ण झाकली जाईल, मगच दोरी आत सोडा, नाहीतर ती खिडकीत अडकून कापली जाते. दोरीचं एक टोक बाहेर राहू द्या.

आटे सरळ आहेत की उलटे, हे क्रँकच्या उघड्या टोकाकडे बघून ठरवा. नट सुटला की तो काढून टाकू नका, टोकाशी समपातळीत राहील एवढाच सैल करा. आता पुलर लावा. पुलरचे बोल्ट फ्लायव्हीलच्या आटे असलेल्या भोकांत जातात. कडेला पकडणारा तीन पायांचा पुलर इथे चालत नाही, त्याने ॲल्युमिनियमची कड तुटते. पुलर घट्ट आवळून मधल्या बोल्टच्या डोक्यावर एकच टणक ठोका द्या. टक् असा आवाज येऊन फ्लायव्हील सुटतं.

निघालं की आधी अर्धचंद्राची चावी शोधा. ती खाचेत अर्धी कापलेली असेल तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) सरकलं होतं. इंजिन उलटा झटका मारत असेल किंवा सुरूच होत नसेल, तर कारण हे. नवी चावी दहा-वीस रुपयांची. घासलेल्या खिळ्याचा तुकडा घालून काम भागवणाऱ्यांपासून लांब राहा.

पॉइंटची प्लेट काढण्याआधी प्लेट आणि क्रँककेस या दोघांवर मिळून एकच बारीक रेघ टोचणीने ओढा. ही रेघ म्हणजे कारखान्याने बसवलेलं टायमिंग.

## ५. सिलिंडर आणि पिस्टन

खालचे नट फुलीच्या क्रमाने थोडे थोडे सैल करा आणि सिलिंडर सरळ वर उचला, पिळू नका. पिस्टन मोकळा होण्याआधी क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ फडकं कोंबा. सर्क्लिप उडाला की तो हमखास तिथेच पडतो.

पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो, तो सायलेन्सरकडे. बाण दिसत नसेल तर टोचणीने खूण करून ठेवा. गजन पिन (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी) हातोडीने ठोकून काढू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पिस्टनला दोन मिनिटं गुंडाळा, पिन अंगठ्याने सरकते.

आता मोजमाप. रिंग पिस्टनवरून उतरवून सिलिंडरमध्ये घाला आणि पिस्टनच्याच तळाने ढकलून सरळ करा. तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. ३६-३८ मिमीच्या बोअरला नवी रिंग साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी दाखवते. ०.६ च्या पुढे गेली असेल तर रिंग बदलाच.

सिलिंडर आतून कशाचा आहे ते चुंबकाने बघा. आतल्या भिंतीला चुंबक चिकटला तर लोखंडी बाही आहे. ती लेथवाल्याकडे बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवता येतो, फक्त तो पिस्टन हातात आल्यावरच बोअर करायला द्या. चिकटला नाही तर ॲल्युमिनियमवर क्रोमचा पातळ मुलामा आहे. त्याला होनिंगचे (भिंत घासायचे) दगड लावायचे नाहीत. मुलामा एकदा उडाला की सिलिंडर भंगारात. ॲल्युमिनियमची चिकटलेली रेघ तेवढी ६०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने, बोटाच्या टोकाने, तिथल्या तिथे घासून काढा. नखाने चाचपा. नख अडकत नसेल तर सिलिंडर चालेल.

## ६. क्रँककेस फोडायचा का?

शक्यतो नको. घरी क्रँककेस फोडलेली (म्हणजे त्याचे दोन भाग वेगळे केलेली) निम्मी इंजिनं परत पूर्ववत होत नाहीत असं माझं मत आहे. फोडायची गरज आहे का, हे आधी ठरवा.

कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून क्रँक वरच्या टोकाला आणा आणि रॉड सरळ वर-खाली ओढा-ढकला. टक-टक जाणवली तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलं. डावी-उजवीकडे थोडी ढिलाई असणं बरोबर आहे, तिला घाबरू नका. मग क्रँक हळू फिरवून कान लावा. खरखर आली तर बेअरिंग. क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवा, हललं तरी बेअरिंग.

हे तिन्ही ठीक असेल तर क्रँककेस बंदच ठेवा आणि बाहेरून फक्त सील बदला. सीलच्या लोखंडी चकतीत बारीक भोक पाडून त्यात लहान स्क्रू फिरवा आणि पक्कडीने ओढा. ड्रिल खोल जाऊ देऊ नका, मागेच बेअरिंग आहे. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. हे तीन आकडे घेऊन तालुक्याच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा, नाहीतर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. कंपनीचाच पार्ट हवा हा हट्ट इथे गरजेचा नाही, पण पेट्रोल सहन करणारं सील मागा. नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, क्रँककेसकडे. क्रँकवरच्या चावीच्या खाचेवर पातळ टेप गुंडाळा, ओठाला ऑईल लावा आणि बरोबर मापाचा बॉक्स पाना टेकवून सील सरळ ठोका. खाचेवरून तसंच ढकललेलं सील पहिल्याच मिनिटाला फाटलेलं असतं, बाहेरून मात्र नवं कोरं दिसतं.

फोडायचीच वेळ आली तर जोडाच्या रेषेत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथला एक ओरखडा म्हणजे कायमची गळती. बेअरिंगच्या भोवतीचा भाग हॉट एअर गनने इतका तापवा की पाण्याचा थेंब चुरचुरून उडेल, मग लाकडी हातोडीने ठोका. क्रँकच्या टोकावर लोखंडी हातोडी कधीच नाही. हा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो, ठोक्याने सरळपणा जातो. नंतर लेथवाल्याकडे डायल लावून बघा, ०.०५ मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर सरळ करून घ्या. बिग एंड बदलणं हेही त्याच्याच प्रेसचं काम.

## ७. साफसफाई

इथली एक चूक सिलिंडर आणि क्रँककेस दोन्ही खाऊन टाकते: कॉस्टिक सोडा. लोखंडाचे पार्ट त्यात बुडवणाऱ्या गॅरेजची सवय लोक घरी घेऊन येतात. ॲल्युमिनियम त्यात फसफसून विरघळतं. डिझेल, जुना टूथब्रश, आणि शेवटी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण एवढं पुरतं. धुतलं की लगेच वाळवा आणि लोखंडी भागांना ऑईलचा हात फिरवा.

पिस्टनच्या डोक्यावरचा आणि सायलेन्सरच्या खिडकीतला कार्बन बांबूच्या चपट्या काडीने खरवडा. रिंगच्या खाचेतला कार्बन जुनी रिंग मोडून तिच्या तुकड्याने काढता येतो. सायलेन्सर मात्र आतून पूर्ण साफ करा. तो चोंदलेला राहिला तर बाकी सगळं नवं असूनही पंप जोर धरत नाही, आणि लोक कार्बोरेटरला दोष देत बसतात. सिलिंडरच्या बाहेरच्या पंख्यांतला औषधाचा थर हे उन्हाळ्यातल्या जामचं आणखी एक मोठं कारण.

## ८. जोडणी

पॅकिंग नवी घ्या किंवा शीटची कापा, पण सिलिंडरखालच्या जुन्या पॅकिंगची जाडी व्हर्नियरने मोजून तेवढ्याच जाडीची. जाड घातली तर सिलिंडर वर उचलला जातो, खिडक्या उघडायच्या वेळा बदलतात आणि कॉम्प्रेशन उतरतं. ट्यूबमधलं गॅस्केट मेकर इथे फासू नका. पेट्रोलने ते फुगतं, त्याचे तुकडे सुटून आतल्या वाटांत अडकतात.

गजन पिनचे सर्क्लिप नेहमी नवे. उघडं तोंड बरोबर वर किंवा बरोबर खाली. बसल्यावर तो खाचेत फिरवून बघा, फिरला तर बसला.

रिंगच्या खाचेत एक बारीक खिळी असते. रिंगची दोन टोकं त्या खिळीच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. चारचाकीच्या सवयीने रिंग फिरवून मनाला येईल तिथे ठेवली तर तिचं टोक खिडकीत अडकून तुटतं. पिस्टन, रिंग, सिलिंडर सगळ्याला टू-स्ट्रोक ऑईल लावा, रिंगा बोटांनी दाबून सिलिंडर सरळ खाली सोडा. अडलं तर ढकलू नका, उचलून पुन्हा बघा. नट फुलीच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत. सहा मिमीच्या बोल्टला ॲल्युमिनियममध्ये ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. मनगटाचा जोर बास, खांद्याचा नको.

तपासणी: प्लग न लावता क्रँक हाताने दहा फेऱ्या फिरवा. कुठेही टोचल्यासारखं वाटलं तर पुन्हा उचला.

## ९. हवेची चाचणी

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात, आणि तिसऱ्या टाकीचा जाम इथेच पकडता येतो.

एक जुना प्लग घ्या, त्याचं चिनी मातीचं पोट फोडून काढा आणि राहिलेल्या लोखंडी कवचात सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी बारीक नळी एपॉक्सीने बसवा. सायलेन्सर आणि कार्बोरेटरच्या तोंडांवर सायकलच्या ट्यूबचे रबर ठेवून पट्टीने आवळा. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला काळा तुकडा जागेवर राहू द्या आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला रबर लावा, कारण त्याची पॅकिंगही गळते. पिस्टन अगदी तळाला आणा. मग सिलिंडर आणि क्रँककेस आतल्या वाटांनी एक होतात आणि दोन्हीची चाचणी एकदम होते.

आता बीपीचा फुगा दाबा. काटा २६० पर्यंत न्या. हे सुमारे ५ पीएसआय झालं. त्याच्या वर जाऊ नका. फुग्याचा स्क्रू बंद करून मिनिटभर बघा. काटा जागचा जेमतेम हलला पाहिजे. उतरू लागला तर भांड्यांच्या साबणाचा फेस ब्रशने लावत जा: दोन्ही सील, सिलिंडरचा तळ, क्रँककेसची रेष, काळा तुकडा, प्लगचा बूड. सीलच्या ओठाशी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगताना दिसले की सापडला चोर.

दाब देऊन पास झालेलं सील ओढीच्या वेळी गळू शकतं, कारण आतल्या दाबाने त्याचा ओठ क्रँकवर उलट घट्ट बसतो. म्हणून फुगा काढून त्या जागी ५० मिलीची सिरिंज लावा, दट्ट्या ओढून थोडा वेळ धरून ठेवा. सोडल्यावर दट्ट्या परत आत ओढला गेला पाहिजे.

## १०. मॅग्नेटो आणि टायमिंग

पॉइंट काळे पडलेले असतील तर बारीक कानसीने समपातळीत आणा आणि नंतर पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा कागद मध्ये धरून ओढा. पॉलिश पेपरचे कण आणि बोटाचं ऑईल राहिलं तर नवे पॉइंटही आठवड्यात जळतात. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला, तो मोजत बसण्यापेक्षा नवा स्वस्त.

फट पूर्ण उघडल्यावर ०.३५ ते ०.४० मिमी. फट आधी, टायमिंग नंतर, कारण फट बदलली की टायमिंग आपोआप सरकतं.

तुमची टोचणीची रेघ जुळवली की टायमिंग जवळपास बसलंच. खात्री करायची तर व्हर्नियरचा मागचा दांडा प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवा. पिस्टन सर्वात वर येण्याआधी साधारण दीड ते अडीच मिमीवर पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे. तो क्षण पकडायला सिगारेटच्या पाकिटावरची पातळ पन्नी पॉइंटमध्ये धरा. सुटून हातात आली की उघडलं. मल्टिमीटर इथे फसवतो: कॉईलच्या वायरीतूनच सर्किट पूर्ण होतं आणि पॉइंट उघडा असला तरी तो वाजत राहतो.

कॉईल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकामधली फट ०.३ ते ०.४ मिमी. व्हिजिटिंग कार्ड मध्ये ठेवून कॉईल चुंबकाला चिकटू द्या, स्क्रू आवळा, कार्ड ओढून काढा. फ्लायव्हील बसवण्याआधी क्रँकचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक कोरडं पुसा. तिथे ग्रीस लावायचं नाही. पकड त्या निमुळत्या भागाची असते, चावी फक्त जागा दाखवते. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी.

## ११. कार्बोरेटर

जेटमध्ये वायर घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की पंप कायमचा जास्त पेट्रोल पितो. ब्रशचा नायलॉनचा एक केस आणि हवेचा झोत पुरतो. फ्लोट कानाजवळ हलवा, आत डुबडुब झाली तर त्याला भोक आहे. सुईचं टोक घासून कडं पडलं असेल तर सुई बदला.

पाइप आणि रबरी वॉशर सगळे नवे टाका. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं असतं, जुनं रबर त्यात मऊ होऊन फुगतं. जुन्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळ्या कडक होऊन चिरतात, आणि ती चीर हवा ओढते.

## १२. पहिला स्टार्ट

पेट्रोल-ऑईलचं मिश्रण ताजं करा. पहिल्या दोन टाक्यांना लिटरला ५० मिली टू-टी ऑईल, पुढे ४० मिली. नव्या ऑईलच्या बाटलीवर लिटरला २० मिली लिहिलेलं असतं, ते नव्या इंजिनांसाठी. अंदाजाने बुचाने ओतू नका, औषधाच्या सिरपचं माप वापरा. पेट्रोल आणि ऑईल वेगळ्या डब्यात हलवून मगच टाकीत ओता.

ब्लोअरचं कव्हर आणि पंखा लावल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. इंजिनला थंड करणारी हवा तिथूनच येते, आणि भार नसल्याने ते बेफाम वेग घेतं. ब्लोअरचं तोंड हाताने बंद करून जोर बघायची सवयही सोडा: हवा अडली की भार उतरतो आणि वेग वाढतो.

पहिली दहा मिनिटं मध्यम वेगाने, वेग कमी-जास्त करत. नुसतं मंद सोडून देऊ नका, पूर्ण थ्रॉटलही नको. बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, सिलिंडरचे नट पुन्हा तपासा. असं तीनदा. मग प्लग काढा. चहा-कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढरा असेल तर पंप लगेच थांबवा आणि पुन्हा नवव्या टप्प्यावर जा. थ्रॉटल सोडल्यावरही वेग आपोआप वाढत राहिला तर तीही हवेच्या गळतीचीच खूण.

पाठीवर घेऊन पूर्ण जोरात फवारणी तिसऱ्या टाकीपासून.

## १३. हंगाम संपल्यावर

इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळ्यात कोकणात तर पटकन. टाकीच्या तळाशी पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होतो. त्या थरात ऑईल नसतं, आणि कार्बोरेटरला नेमका तोच आधी मिळतो. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करा, कार्बोरेटरमधलं उरलेलं संपेपर्यंत इंजिन चालवा, फ्लोटची वाटी उघडून पुसा. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑईल सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग लावा. पिस्टन वरच्या टोकाला, दोरी जड लागेल तिथे थांबवून ठेवा, म्हणजे सायलेन्सरची खिडकी बंद राहते. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबा, आणि तो आत आहे अशी चिठ्ठी स्टार्टरच्या मुठीला बांधा.